मामाच्या मुठीत काही नाही

न्गिरी-न्गिरी, किन्शासा
रविवार, दुपार

प्रिय मयाला,

तुझा बोकड गुरुवारी सुखरूप पोचला. मिनीबसच्या टपावर बसून आला, तरी उतरल्यावर माझ्यापेक्षा ताठ उभा होता. त्याच्याबरोबर ताडीचा बुधला, माझ्या मापाचा राखाडी कोट, आणि या सगळ्याच्या पुढे तुझी आई. अंगणात भाडेकरूंच्या बायका धुणं वाळत घालत होत्या. त्यांच्या देखत ती म्हणाली, "दादा, पोरगं ब्रुसेल्सला वाजवायला चाललंय. मागच्या खेपेला सोडलंस तसंच याही खेपेला सोड. त्याचा रस्ता धरून ठेवू नकोस." मी म्हणालो, "लुझोलो, आधी बस, पाणी पी." ती म्हणाली, "पाणी नंतर. आधी हो म्हण." मी हो म्हटलं नाही. बोकड या पत्राबरोबर परत येतो आहे. कोट ठेवून घेतला, भाच्याने मामाला दिलेला कोट म्हणून तो मी अंगात घालीन. ताडी परत पोचेपर्यंत आंबून गेली असती, तेव्हा तिची सोय इथेच लावली.

रागावू नकोस. माझा नकार तुझ्या प्रवासाला नाही, बोकडाला आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि मागे तुमचा ड्रम वाजत असतो. म्हणून कागद घेतला. यातलं पुष्कळ तुझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. पण तू ते मंचावरून पाहिलंस आणि मी खुर्चीवरून. तिथून ते निराळं दिसत होतं.

आपल्याकडे बाप पोराला शाळेची फी देतो, बूट देतो, फार तर सायकल देतो. नशीब द्यायचं ते आईच्या भावाने. आणि दिलेलं नशीब तो मुठीत आवळून धरूही शकतो, असं सगळी वस्ती मानते. कुणाचा व्हिसा नाकारला तर लोक दूतावासात विचारायला जात नाहीत, मामाकडे जातात. मी उभा जन्म शाळेत कविता शिकवल्या. खडूच्या धुळीपलीकडे माझ्या मुठीत कधी काही नव्हतं. पण मामा व्हायला परीक्षा द्यावी लागत नाही, बहिणीला मूल झालं की माणूस आपोआप पास.

तू माझ्या वर्गात होतास ते वर्ष मला अजून दिसतं. पत्र्याचं छप्पर, मानेवरून ओघळणारा घाम, आणि पुस्तकात बर्फाची कविता. दूरदेशीच्या कुणा गुरुजींनी लिहिलेली. बर्फ हळूहळू पडतं, आवाज न करता पडतं, असं त्यात होतं. मी ती इतक्या प्रेमाने म्हणायचो की पहिल्या बाकावरची मुलं सदऱ्याची बटणं लावून घ्यायची. तू हात वर करून विचारलंस, "गुरुजी, आवाज न करता पडलं तर छपरावर पडल्याचं कळतं कसं?" मी तुला पुढचं कडवं वाचायला लावलं. मग पाठांतराच्या दिवशी तू तेलाच्या डब्याची ती गिटार घेऊन आलास. तारा सायकलच्या ब्रेकच्या, दांडा कुणाच्या तरी मोडक्या खाटेचा. आणि ती कविता तू रुंब्याच्या ठेक्यावर म्हटलीस. सगळ्या वर्गाचे खांदे हलायला लागले. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "माकाया गुरुजी, हा कवितेचा तास आहे की बार?" मी म्हणालो, "साहेब, बर्फ आहे. आमच्याकडे ते असंच पडतं." ते हसले नाहीत. पण जाताना त्यांची टाच जमिनीवर ठेका धरत होती, ते मी पाहिलं.

पुढे तू मोठा गवई झालास, स्वतःची मंडळी जमवलीस, आणि लोकांनी तुझ्या गाण्यांतल्या वस्तू मोजायला सुरुवात केली. आमच्या तरुणपणचा रुंबा, तुझ्या आईच्या चर्चमधली गायनमंडळाची चाल, कासाई प्रांतातल्या बायकांचं कंबर हलवणं, विद्यापीठातल्या पोरांचं भरभर बोलणं, वर गोऱ्यांच्या गिटारीचं गुरगुरणं. चर्चवाले म्हणाले, "देवाची चाल बारमध्ये नेली." बारवाले म्हणाले, "बिअर प्यायला आलो तर हा प्रवचन देतो." कोपऱ्यावरचा तो जुना गिटारवाला, ज्याने तुला चौथी जाड तार काढून तिच्या जागी वरच्या सप्तकातली बारीक तार चढवायला शिकवलं, तो मला म्हणाला, "गुरुजी, रुंबा म्हणजे आधी गोडीगोडीने बोलायचं, मग शब्द थांबवून गिटारींना मोकळं सोडायचं आणि लोकांनी उठायचं. तुमचा भाचा बोलता बोलता चार घरी जाऊन येतो." मी त्याला म्हणालो, तो कुठेच जात नाही. पहाटे आपल्या गल्लीत पडल्या पडल्या काय ऐकू येतं ते आठव. एका भिंतीपलीकडे प्रार्थना, दुसऱ्या भिंतीपलीकडे नवरा-बायकोचं भांडण, तिसरीकडे रेडिओ, चौथीकडे उखळात मुसळ. माझ्या भाच्याने फक्त भिंती काढल्या.

मग तू नदीपलीकडे आपल्या आजोळच्या गावी जाऊन आलास. तिथल्या एका म्हातारीने दोन तोंडांच्या लोखंडी घंटेवर एक ठेका वाजवून दाखवला. तो तू गाण्यात बसवलास आणि गाण्याला नाव दिलंस 'नदीपलीकडे'. विद्यापीठाच्या टेकडीवर ते वाजवलंस तेव्हा पोरं खुर्च्यांवर चढून नाचली म्हणे. बंदराकडच्या बारमध्येही तेच. मात्र तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नात वाजवलंस, आणि गिटारी मोकळ्या सुटल्या त्याच क्षणी सगळं अंगण खाली बसलं. नंतर आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या मेळाव्यात पुन्हा तसंच. तुझ्या मंडळीतला, आरोळ्या देऊन लोकांना नाचायला उठवणारा एलांगा घसा फोडून ओरडत होता, मंडळाच्या अध्यक्षाचं नाव घेत होता, त्याच्या बायकोचं घेत होता, आणि समोर कुणी जागचं हलेना. परक्यांत चालतं आणि घरच्यांतच अडतं, म्हणजे घरातल्याच कुणी धरलंय. हिशेब सरळ होता. दोन्ही वेळा गुडघ्यांमुळे मी आलो नव्हतो. तोही पुरावा झाला. "धरणारा कधी समोर येतो का?" असं तुझी मावशी म्हणाली, आणि ते मला नळावर पाणी भरणाऱ्या पोरीकडून कळलं.

तुझी आई पहिल्यांदा आली ती तेव्हा. बोकड नव्हता, नुसते डोळे रडून लाल. "दादा, तुला त्याचं काय खुपलं? लग्नात तुला मानाचा वाटा नाही मिळाला का? मान म्हणून द्यायची कोलाची फळं कमी पडली का?" मी म्हणालो, "लुझोलो, मी काही धरलेलं नाही." ती म्हणाली, "मग सोड म्हणजे झालं." मी म्हणालो, "धरलं नाही ते सोडू कसं?" ती म्हणाली, "हेच. शिकलेल्या माणसाशी हेच होतं. तोंड उघडलं की व्याकरण." मला हसू आलं आणि ते तिला दिसलं, तिथे सगळं बिनसलं. पण माझी अडचण बघ. सोडतो म्हणून तुझ्या डोक्यावर हात ठेवला, रीतीप्रमाणे हात धरून तुला तीनदा उडी मारायला लावली, तर मी धरलं होतं हे मी कबूल केलं. मी चेटक्या ठरलो, ते एक वेळ चाललं असतं, माझं वय झालंय. पण तू जन्मभर प्रत्येक गाण्याआधी माझ्या मुठीकडे बघत राहिला असतास. तार तुटली, मामा. वीज गेली, मामा. असं गाणं तुझं कसं म्हणायचं? आणि सोडत नाही म्हटलं तर तू वाजवणं सोडून देणार होतास. तुझ्या आईने सांगितलं की तू गिटार भिंतीला टांगून ठेवली आहेस, आपल्या माणसांना नको असेल तर मला कुणालाच ऐकवायची नाही म्हणतोस. तेव्हा माझं हसू थांबलं.

मी निरोप पाठवला की येत्या रविवारी दुपारी आपल्या गल्लीतल्या बारच्या अंगणात वाजव, मी येतो. आलो. काठी, पांढरा सदरा, पुढच्या रांगेतली प्लास्टिकची खुर्ची. सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच आज गाणार आहे. शेजारी आपल्या कुळातली कियेसे आजी बसली होती, डोक्याला ठेवणीतलं कापड बांधून. भाजलेल्या बकऱ्याचा धूर, कांदा, मिरची, पोरांचा कालवा. तू स्टुलावर बसलास, माझ्याकडे न बघता सुरुवात केलीस. काय सांगू. मी शंभर कविता पाठ केलेला माणूस, मला त्या गाण्यात कुठे कडवं संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं ते कळेना. तुझ्या आईच्या चर्चची चाल आली आणि अलगद रुंब्याच्या कुशीत जाऊन झोपली. मग शब्द थांबले, गिटारी सुटल्या, लोक उठले, आणि त्यांच्या खालून ती घंटा आली.

मयाला, घंटा आली तसे माझे हात आपोआप मांडीवर पालथे झाले. पाय सरळ लांब झाले. मी वळून पाहिलं तर कियेसे आजीचेही पाय लांब. तिच्यापलीकडे तुझी मावशी, तिच्यापलीकडे तुझी आई, सगळ्या म्हाताऱ्या तशाच, आणि बहुतेकींना आपण का बसलो तेही उमगलेलं नव्हतं. आणि पाय लांब करून बसलेल्या आईसमोर आपल्यात कुठलं मूल नाचतं? पोरं आधी गोंधळली, मग एकेक करत खाली बसली. वर तू वाजवतोयस, डोळे माझ्यावर. त्या डोळ्यांत भीती होती. बर्फावर प्रश्न विचारणारा मुलगा त्यात कुठेच नव्हता.

तुला ते कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? तू किन्शासात वाढलास, इथे मेलेल्या माणसाला लाउडस्पीकर लावून पोचवतात. पण नदीपलीकडे माणूस मातीत ठेवून झाला की ती घंटा वाजते. ती वाजली की सगळ्यांनी पाय लांब करून बसायचं, गावचा मुखिया असला तरी. गेलेल्याच्या आईच्या कुळातला थोरला पुरुष उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. तो उठतो, दोन पावलं नाचतो, आणि मग जिवंत माणसांचं जेवणखाण सुरू होतं. त्या म्हातारीने तुला गावातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाजवून दाखवली. तिला वाटलं असेल, शहरातून घंटा ऐकायला आलाय म्हणजे याच्याकडे कुणीतरी गेलं असणार. तू ती घेऊन आलास आणि लग्नात वाजवलीस. चूक म्हणशील तर एवढीच, आणि ती परक्यांपुढे चूकच नाही.

मी उठलो. विचार करून उठलो असं सांगणार नाही. माझ्या आईला पुरलं तेव्हा माझे मामा उठले होते, ते मला दिसले. इथे कुळाचा थोरला मीच होतो, आणि एवढी माणसं बसलेली. काठी कियेसे आजीच्या मांडीवर टाकली आणि दोन पावलं नाचलो. दोनाची चार झाली, कारण मधल्या सुरात वाजणाऱ्या तुझ्या गिटारीने मला बसू दिलं नाही. कियेसे आजी उठली. तुझी आई उठली. मग अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. एलांगाने माझं नाव आरोळीत घातलं, कुणीतरी खूश होऊन माझ्या कपाळावर नोट चिकटवली, घामाने ती तिथेच राहिली. आणि मागून तुझ्या मावशीचा आवाज आला, "सोडलं. बघा, म्हाताऱ्याने सोडलं." तू स्टुलावरून उतरून सगळ्यांसमोर माझ्या पायांशी गुडघे टेकलेस. मी तुझ्या कानात खरं सांगत होतो आणि तू म्हणत होतास, "हो मामा, हो मामा." मागे ड्रम वाजत होता.

तेव्हापासून माझी काय दशा झाली आहे ती ऐक. टॅक्सीवाला म्पासी गाडी सुरू होत नाही म्हणून माझ्याकडे आला. मी म्हटलं, "बॅटरी बघितलीस का?" तो म्हणाला, "बघितली. आता तुम्ही बघा." पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी लग्न ठरत नाही म्हणून अननस ठेवून गेली. तिचं पुढच्याच आठवड्यात ठरलं, त्यामुळे आता अननस थांबत नाहीत. चर्चचे पाद्री मला बघून रस्ता बदलतात आणि पलीकडून अदबीने टोपी काढतात. कियेसे आजीला मी म्हटलं, निदान तू तरी लोकांना खरं सांग. ती म्हणाली, "गुरुजी, मी तर लग्नातच विचारणार होते कोण गेलं म्हणून. पण नवरीच्या तोंडावर कसं विचारायचं? मग बसले आपली. आता लोक तुम्हाला घाबरतायत तर घाबरू द्या की. शाळेत कुठे कुणी घाबरत होतं?"

मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते तुझं. त्या रविवारनंतर तू मताडीला वाजवलंस, नदी ओलांडून ब्राझाव्हिलला वाजवलंस, आणि प्रत्येक वेळी आधी मला फोन केलास, "मामा, ठीक ना?" आणि आता बोकड. गाणं नावारूपाला आलं आणि गाणारा माझ्या मुठीत राहायला आला. हे मला नको आहे. एकदा मनात आलं, दोन शब्दांत सांगून टाकावं, घंटा काढ. घंटा काढलीस तर गाणं कुठेही अडणार नाही, कुणीही त्यावर नाचेल. पण मग ते कुणाचंही गाणं होईल. त्या अंगणात पाय लांब करून बसलो होतो तेवढ्या वेळात मला माझी आई, माझे दोन्ही भाऊ, तुझी थोरली बहीण, सगळी दिसली. बारमध्ये, बिअरच्या बाटल्यांमध्ये, दिवसाउजेडी. आणि लगेच त्यांच्यादेखत नाचायलाही मिळालं. एवढं कुठल्या कवितेने मला दिलं नाही, आणि कवितेवरचं माझं प्रेम तुला ठाऊक आहे. घंटा काढू नकोस.

तर आता ज्यासाठी कागद घेतला ते सांगतो. ब्रुसेल्सला आपली नदीपलीकडची माणसं पुष्कळ आहेत. त्यांत म्हाताऱ्या बायकाही असतील, आणि घंटा आली की त्या बसतील. मी तिथे नसेन, माझे गुडघे बर्फ बघायला तयार नाहीत. काल शनिवारी मी कुळाची बैठक बोलावली, माझ्याच अंगणात, झाडाखाली. तू सोडून सगळे आले, कोलाची फळं फोडली. मी उभा राहून सांगितलं की थोरलेपणाची जागा मी सोडतो आहे. माझे भाऊ गेले, तेव्हा रीतीने ती बहिणीच्या मुलाकडे जाते. तुझी आई म्हणाली, "दादा, तो गिटार वाजवतो, कुळ कसं सांभाळणार?" कियेसे आजी म्हणाली, "आपल्याला बसवतो तोच ना? मग उठवू दे त्यालाच." त्यावर सगळ्यांनी होकाराच्या टाळ्या वाजवल्या, तुझ्या आईनेसुद्धा, सगळ्यांत शेवटी. म्हणजे काल दुपारपासून थोरला तू आहेस, मयाला. बहिणीच्या पोरांना काही अडलं की तुझ्याकडे येतील, बोकड आता तुझ्या दारात बांधले जातील, आणि तुझ्या मुठीत काही नाही हे तुलाही रोज सांगावं लागेल. मला फोन करून विचारायचं आता काही उरलेलं नाही. ब्रुसेल्सला घंटा आली आणि बायका बसल्या की दचकू नकोस, पुढच्या रांगेत मला शोधू नकोस. सगळ्यांना नीट बसू दे. ज्यांना आपली माणसं आठवायची आहेत त्यांना आठवू दे. मग गिटार तशीच गळ्यात ठेवून स्टुलावरून ऊठ, आणि दोन पावलं नाच.

तुझाच,
माकाया